खलिफाचं कापड गळलं नव्हतं

गारखेड्यात आमच्या घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली दोन चाकांची एक गाडी उभी असते. ती जीपच्या मागे जोडायची. आत झोपायची सोय आहे, मागच्या अंगाला स्वयंपाकाची. कॉलनीतली पोरं तिला ट्रेलर म्हणतात, माझी बायको शेपूट म्हणते. अजूनही कोणी ना कोणी ती बघायला येतं. घरी बनवली हे ऐकून लोकांना नवल वाटतं. ते खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघतात, खण उघडून बघतात, आणि शेवटी विचारतात, एवढं सगळं मजबूत आहे, मग वरचं छत असं प्लास्टिकचं का? त्यावर इतकी वर्षं माझं एकच उत्तर होतं. "पहिलं कापड गळलं हो. बाकी बॉडीत काही दोष नाही."

हे उत्तर खोटं आहे. ते कापड गळण्यासारखं शिवलेलं नव्हतं. ज्याने शिवलं तो माझ्या तरुणपणापासूनचा मित्र, आणि त्या उत्तराने त्याचं जे गेलं ते मला परत आणता आलेलं नाही. ज्यांना ज्यांना मी ते उत्तर दिलं त्यांच्या दारी जाणं आता या वयात व्हायचं नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

त्याचं घर शहागंजातल्या एका बोळात. खाली दुकान, वर राहणं. आजोबांपासूनचा धंदा तंबू, कनाती, शामियाने आणि ट्रकच्या ताडपत्र्यांचा. शिवणकामातल्या उस्तादाला त्यांच्याकडे खलिफा म्हणतात. त्याला अख्खा बाजार खलिफाच म्हणायचा. मी वाळूजला एका कारखान्यात यंत्रदुरुस्ती खात्यात होतो, पुढे फोरमन झालो. तेव्हापासून तो मला फोरमन म्हणे. घरात तर एकमेकांची खरी नावं विसरल्यातच जमा होती.

आमची ओळख माझ्या लग्नात झाली, आणि तीही भांडणाने. मांडव त्यांच्या दुकानाचा होता. हा पोरगेला खांबावर चढून दोर ओढत होता. मी नवरदेव, अंगाला हळद, आणि तरी मला राहवेना. खालून म्हणालो, "ओ, खांब तिरका झालाय."

"खंबा सीधा है, नौशे," तो वरूनच म्हणाला. "जमीन टेढी है तुमची."

मी ओळंबा मागवला. खांब ओळंब्यात निघाला. सासरची माणसं हसली, मी पण हसलो. त्यानंतर त्याच्याशिवाय माझं कुठलं काम झालं नाही आणि माझ्याशिवाय त्याचं.

रविवारी आम्ही मोटारसायकल काढून भटकायचो. सिल्लोडच्या पुढे, अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर, तिथून आत सोयगावच्या रस्त्याला. माझ्या मावसभावाचं शेत त्या बाजूला आहे, डोंगराच्या पायथ्याला, मधे एक ओढा. एकदा तिथंच मुक्काम पडला. बांधावर गोधडी टाकून दोघं आडवे झालो होतो. सूर्य नुकताच बुडाला होता. तो हाताची उशी करून वर बघत म्हणाला, "यार फोरमन, जिंदगीभर दुसऱ्यांच्या डोक्यावर छत लावलं. लग्नं, उरूस, सभा. मी शिवलेल्या छताखाली मी एकदापण झोपलो नाय. लावायचं, सोडायचं, घडी करायची."

"मग झोप की. कोण अडवतं?"

"कुठं झोपू? दुकानात?"

त्यातून ही गाडी निघाली. तेव्हा नाही, पुष्कळ नंतर, मी निवृत्त झाल्यावर. पण बी तिथं पडलं. जीप होतीच, जुनी, माझ्याच हाताखालची. ठरलं असं की तिच्यामागे एक असा डबा करायचा, जो गाडीवाटेनं, ओढ्यातनं, काळ्या मातीच्या चिखलातनं जीपमागे निमूट येईल, आणि पोचल्यावर त्याचं झाकण उघडलं की दोन माणसांना तंबू मिळेल. खालचं लोखंड माझं, वरचं कापड त्याचं.

लोखंडाचं मी फार सांगत नाही, कारण त्याचं कौतुक मी गरजेपेक्षा जास्त ऐकून घेतलेलं आहे. पण थोडं सांगतो, कारण ते दिवस सांगावेसे वाटतात. आस आणला भंगारबाजारातून. चाकं मुद्दाम जीपचीच घेतली आणि दोन चाकांमधलं अंतरही जीपएवढंच ठेवलं, म्हणजे जीपच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत मागची चाकं आपोआप चालतात, आणि जादाचं एकच चाक दोन्हीकडे पुरतं. पाटे मोठ्या गाडीचं ओझं पेलणारे होते. सगळे ठेवले असते तर हलका डबा खड्ड्यात बेडकासारखा उडाला असता. एकेक पाटा काढून, आत सिमेंटच्या गोण्या ठेवून, वर आम्ही दोघं उभे राहून उड्या मारत ते जमवलं. शेजारची माणसं गच्चीवरून बघत. खलिफा उड्या मारता मारता ओरडे, "फोरमन, ये उमर है क्या अपनी!"

जोडासाठी मी लेथवर एक फिरता खुंट करून घेतला. डबा कलंडला तरी जीपला पीळ बसू नये म्हणून. तो खुंट बघून खलिफानं पहिल्यांदा माझ्या कामाला दाद दिली. "हे बरं केलंस. लग्नातपण असा खुंट पाहिजे, एक कलंडला तरी दुसऱ्यानं उभं राहावं."

"मला ऐकू येतंय," माझी बायको आतून म्हणाली.

स्वयंपाकाची बाजू तिच्या हुकमाखाली झाली. मागचं दार खाली पाडलं की साखळ्यांवर ओटा होतो. मी तो माझ्या कमरेच्या मापाने केला होता. तिने उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "रांधणार कोण? तुम्ही?" ओटा खाली आणला. तिच्या गळ्यात माळ आहे, आमच्या घरात मांस शिजत नाही. म्हणून भांड्यांचे खण दोन केले. वरच्यात तिची भांडी, खालच्यात खलिफाचं पातेलं.

"भाऊजी," ती त्याला म्हणाली, "तुमचा खण माझ्या खणाला लागता कामा नये."

"वहिनी, मधे पत्रा आहे ना."

"पत्र्यातनं वास येतो."

"मग तुमच्या वरणाचा वास माझ्या खिम्याला लागतो त्याचं काय?"

या सगळ्यात मी गप्प बसायचो, कारण तो खालचा खण जितका त्याचा होता तितकाच माझाही असणार होता, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

कापडाचं काम सुरू झालं तेव्हा त्याने आपलं जुनं शिलाईमशीन हातगाडीवर घालून आमच्या शेडमध्येच आणलं. मापावरून आमची रोज खडाजंगी. मी तंबूच्या कमानींची मापं मिलिमीटरमध्ये लिहून द्यायचो, तो कागद बाजूला ठेवून स्वतःचा गज काढायचा. तो गिरहमध्ये मोजी. गजाचे सोळा भाग, एकेक भाग म्हणजे एक गिरह. मी म्हणायचो, यानं नेमकं येत नाही. तो म्हणायचा, कापड काय लोखंड आहे का? ते ओलं झालं की आखडतं, ऊन लागलं की सैल पडतं, त्याला जरा श्वास घ्यायला जागा सोडावी लागते. प्रत्येक जोडावर तो दुहेरी पट्टी घाली, आधी आतून, मग उलटून वरून. संध्याकाळी शेडमध्ये त्या मशीनचा आवाज आणि माझ्या कानशीचा आवाज एकदमच चाले. माझ्या आयुष्यात याहून सुखाच्या संध्याकाळी मला आठवत नाहीत. हे लिहिताना लाज वाटत नाही. लग्न, मुलगा, नातवंडं सगळं झालं; पण ही शेड वेगळीच होती.

एक गोष्ट मला तेव्हाच माहीत होती, म्हणून इथं सांगायला हवी. त्याची नजर कमी झाली होती. दुकान आता त्याच्या मुलाकडे होतं. मुलगा चांगला, बापाला जपणारा. पण त्याला तयार प्लास्टिकच्या ताडपत्र्या विकायच्या होत्या. त्या वेल्डिंगसारख्या चिकटवलेल्या येतात, शिवण लागत नाही. बापाच्या शिवणीत एकदोनदा टाका सुटला होता, गिऱ्हाईक परत आलं होतं. मुलगा म्हणत होता, अब्बा, आता मशीन आवरू या. खलिफानं त्याला सांगितलं होतं, "हे एक कापड बघ. चाचाच्या गाडीचं. हे बघ आणि मग बोल." हे मला त्यानंच सांगितलं, सुईत दोरा ओवता ओवता, चौथ्या-पाचव्या वेळी जमल्यावर.

शिवून झाल्यावर त्याने मेण वितळवलं, त्यात टर्पेंटाइन घातलं आणि भर उन्हात कापड पसरून फडक्याने घासघासून दोन्ही अंगांनी लावलं. घरभर वास. मग ताणून बसवल्यावर त्याने लोटाभर पाणी वर ओतलं. पाणी अळूच्या पानावरून जावं तसं ओघळून गेलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आता एक ऐक. याला साबण दाखवायचा नाय. धूळ बसली तर झटकायचं. लईच झालं तर साधं पाणी. साबण लागला की मेण गेलं, आणि साबण राहिला की कापड पाणी प्यायला लागतं. समजलं?"

"समजलं."

"समजलं म्हणू नको, लक्षात ठेव."

नवरात्र आलं. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची आणि आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन काढायची रीत होती. आधी रॉकेल, मग साबण, मग कोरडं फडकं. आमचे जुने फोरमन म्हणायचे, पारोशा माणसानं देवाजवळ जाऊ नये तसं पारोशा यंत्राला हळदकुंकू लावू नये. नोकरीभर मी हे केलं. निवृत्तीनंतरही घरातली हत्यारं, जीप, पाण्याची मोटर, सगळ्यांची त्या दिवशी अंघोळ. त्या वर्षी गाडी नवीकोरी, तिची पहिली पूजा. मेण मुरावं म्हणून गाडी कापड ताणून शेडबाहेर जांभळाखाली उभी केलेली. पाखरांनी कापडावर घाण करून ठेवली होती. माझ्या ग्रीसच्या हातांचे डागही होते. मी पत्रा धुतला, चाकं धुतली, आणि तसाच वर गेलो. बादलीत कपडे धुण्याची पावडर होती. ब्रश होता. आठवण झाली नाही असं मी म्हणू शकलो असतो. झाली होती. पण मनात म्हटलं, पूजेची गाडी पारोशी कशी ठेवायची, आणि एकदाच तर धुतोय, पाणी भरपूर मारू.

बायको दारात येऊन म्हणाली, "भाऊजींनी साबण नको सांगितला होता ना?"

"थोडासाच आहे."

दसऱ्याला संध्याकाळी खलिफा नेहमीसारखा सोनं घ्यायला आला. आपट्याचं पान खिशात घालून त्याने लांबूनच गाडी बघितली. झेंडूची माळ, कुंकवाची बोटं. "दुल्हन दिख री," तो म्हणाला. धुतल्याचं मी सांगितलं नाही. सणाच्या दिवशी बोलणी कशाला खायची, एवढंच तेव्हा कारण होतं.

दोनचार दिवसांनी निघालो. मी, माझी बायको, खलिफा आणि त्याचा मुलगा. भाभींचे, म्हणजे खलिफाच्या बायकोचे, गुडघे दुखत होते, त्या आल्या नाहीत. घाट उतरताना मागचा डबा इतका गुमान आला की मला सारखं आरशात बघावं लागत होतं, आहे ना म्हणून. फर्दापूरला चहा घेतला. पुढे शेताच्या वाटेला लागलो. परतीचा पाऊस एकदा पडून गेलेला, काळी माती चाकाला धरत होती. ओढ्यात मी जीप घातली आणि पलीकडे काढली. मागून डबा पाण्यात पोटापर्यंत बुडाला, एका अंगाला कलंडला, फिरत्या खुंटानं ते सोसलं, आणि तो सरळ होऊन वर आला. मावसभाऊ काठावर उभा राहून बघत होता. "लई भारी!" तो ओरडला. "बैल बी असं येत नाय!" खलिफानं माझी पाठ थोपटली. माझी बाजू पास झाली होती.

शेतात कापूस फुटलेला. डबा बांधाजवळ लावला, झाकण उघडलं, कमानी उभ्या केल्या, कापड ताणलं. मागं बायकोनं भाकरी थापल्या, वांगं भाजलं. जेवणं झाली. खालचा खण त्या दिवशी तिच्या मानासाठी बंदच ठेवला होता. दिवेलागणीला आभाळ भरून आलं. खलिफा आत जाऊन आडवा झाला, हाताची उशी करून, अगदी त्या बांधावरच्यासारखा. मी शेजारी बसलो. मुलगा आणि बायको मागच्या ओट्यापाशी आडोशाला होते.

पाऊस सुरू झाला. कापडावर थेंबांचा आवाज यायला लागला, आधी मोकळा, मग दाट. "सुन," तो म्हणाला. त्याने डोळे मिटले होते. मी त्याचं तोंड बघत होतो. त्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इथं लिहू शकत नाही. आजही डोळ्यांसमोरून जात नाही, आणि ते फार वेळ टिकलंही नाही.

पहिला थेंब त्याच्या कपाळावर पडला. त्याने बोटानं पुसला, डोळे उघडले. मग दुसरा. मग शिवणीच्या कडेनं ओळीनं थेंब लोंबायला लागले, मग सगळ्या कापडालाच घाम फुटल्यासारखं झालं. तो उठून बसला आणि शिवणीवरून बोट फिरवू लागला. चष्म्यावर पाणी, त्याने तो काढून सदऱ्याला पुसायला घेतला. तेवढ्यात मला दिसलं. कंदिलाच्या उजेडात, दुहेरी पट्टीच्या खालच्या काठाला, पांढरा बारीक फेस आला होता. साबणाचा फेस. माझ्या ब्रशचा.

माझ्या खांद्यावर पंचा होता. त्याचा चष्मा डोळ्यांवर चढायच्या आत मी तो फेस पुसून घेतला.

"क्या है उधर?" त्याने विचारलं.

"पाणी," मी म्हणालो.

मुलगा आत डोकावला. त्या बिचाऱ्याच्या आवाजात टोचणी नव्हती. "अब्बा, अब बस करो ना," एवढंच म्हणाला. खलिफानं मान हलवली. आम्ही सामान उचलून पळत मावसभावाच्या घरात गेलो. तिथं अंग पुसता पुसता खलिफा माझ्या बायकोला म्हणाला, "माफ करा वहिनी. हाथ गया मेरा. टाका कुठं धरला, कुठं सुटला, मलाच कळेना झालंय." तिनं माझ्याकडे बघितलं. मी पंचा पिळत होतो.

सकाळी तो म्हणाला, कापड दे, घरी नेऊन बघतो काय चुकलं. मी म्हणालो, राहू दे, ओलं आहे, माझ्याकडे सुकेल. सुकल्यावर घडी करून माळ्यावर टाकलं. त्याने पुन्हा मागितलं नाही. त्याच्याच दुकानातून मुलानं प्लास्टिकचं छत पाठवून दिलं. मशीन माझ्या शेडमधून परत गेलं आणि वरच्या खोलीत चादरीखाली गेलं.

बायको म्हणाली, "सांगितलं का भाऊजींना?"

"सांगतो."

"मी सांगू?"

"नको. मीच सांगतो."

असं तिने काही वेळा विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं. तिने सोडलं तेव्हा मला बरं वाटलं, हेही इथं लिहायला हवं. कारखान्यात खराब माल निघाला की आम्ही सगळे गप्प उभे राहायचो, कोणीतरी अंगावर घेईल म्हणून. इथं त्याने कोणी विचारायच्या आधीच अंगावर घेतलं होतं. मला फक्त गप्प राहायचं होतं. पण मी गप्पही राहिलो नाही. लोक गाडी बघायला येत आणि मी म्हणत राहिलो, कापड गळलं हो. शहर मोठं असलं तरी शहागंजला गोष्ट पोचायला वेळ लागत नाही.

त्याने त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. येणं मात्र कमी झालं. आधी दर रविवारी, मग सणावारी. खरं तर त्याच्यापेक्षा मीच कमी केलं. त्याच्यासमोर बसलं की त्याचे हात दिसायचे. मांडीवर नुसते ठेवलेले. पूर्वी बोलता बोलताही तो बोटांनी काही ना काही मुडपत असायचा, सदऱ्याची कड, पोत्याचा काठ. ते बंद झालं होतं. गाडी आम्ही नंतर दोनदा काढली, बायको आणि मी. प्लास्टिकवर पाऊस पडला की ताशा वाजल्यासारखा आवाज होतो. झोप येत नाही. मी पडून राहतो आणि खलिफा आडवा झाला होता ती बाजू बघतो.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या नातीचं लग्न झालं. मंडप बाहेरून मागवलेला, तयार, चकचकीत. स्वयंपाकाच्या बाजूची एक कनात फाटली, वाऱ्यानं फडफडायला लागली. त्याच्या बिरादरीतला कोणी म्हातारा ओरडला, "अरे खलिफा घरात असताना कनात फाटकी? चल, दोन टाके मार."

खलिफा खुर्चीवर बसला होता, मी शेजारी. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले, उलटसुलट, आणि हसला. "नै रे बाबा. ये हाथ सोयगावच्या पावसात वाहून गेले. हा फोरमन साक्षीदार आहे, विचार."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मी काय केलं ते मला आठवत नाही. हसलो असेन.

पुढच्या आठवड्यात मी माळ्यावरून ती घडी काढली, रिक्षात घातली आणि शहागंजला गेलो. जिना चढताना ती घडी जड वाटली. मुलगा वर आणून ठेवतो म्हणाला. मी दिली नाही. खलिफा खिडकीपाशी बसला होता. भाभींनी चहा ठेवला.

मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, बादली, ब्रश. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली, गिऱ्हाईकाला विचारावेत तसे.

"पावडर होती का वडी?"

"पावडर."

"ब्रश कसला?"

"जाजमाचा. कडक."

"आतूनपण घासलं?"

"हो. दोन्हीकडून."

त्याने घडी मांडीवर घेतली, एक कोपरा उलगडला, चष्मा कपाळावर चढवून शिवण अगदी डोळ्यांजवळ नेली. पट्टी ओढून बघितली. नखानं टाका उचकटून बघितला; टाका हलला नाही. त्याची बोटं पट्टीच्या काठावरून पुढं पुढं गेली आणि थांबली.

"मग पाण्यात फेस आला असेल."

"आला होता."

"मला दिसला नाही."

"तुझा चष्मा हातात होता. मी पुसला."

भाभींचा कप बशीवर वाजला. त्याने उलगडलेला कोपरा पुन्हा घडीत घातला. खालून बाजाराचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "धुतलंस त्याचं काय नाय. तुझा सण होता, तू धुणारच. मीच कापडाला कुलूप लावायला पाहिजे होतं." आवाज शांत होता. "पण पुसलंस, फोरमन."

मी म्हणालो, "चुकलं."

"माझ्या पोरासमोर पुसलंस."

"हौ."

"चहा पी," तो म्हणाला. "पी आणि जा आता."

मी चहा प्यायलो. त्यात साखर जास्त होती, भाभी माझ्यासाठी नेहमी जास्त घालतात. उठलो तेव्हा कापड त्याच्या मांडीवरच होतं. जिन्यापर्यंत कोणी आलं नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उशीर केलात." आणि मग काही वेळानं, "पण केलंत."

त्याचा फोन आला नाही. मी केला तर भाभी उचलतात, बोलतात, नातीचं सांगतात, गुडघ्यांचं सांगतात, आणि तो झोपलाय म्हणतात. ईदला मी गेलो नाही. बोलावणं नव्हतं, आणि पूर्वी बोलावणं कधी लागत नव्हतं. रविवारी सकाळी अजूनही मी लवकर आवरून बसतो. फाटकाची कडी वाजली की दुधवाला असतो.

आता अलीकडे बायकोसाठी माळेचे मणी ओवायचा दोरा हवा होता म्हणून शहागंजला गेलो. दोरा गारखेड्यातही मिळतो. बोळाच्या तोंडाशी आलो आणि वरून मशीनचा आवाज ऐकू आला. दुसरं कोणतं नव्हतं, तेच. मधे एक ठेचकाळल्यासारखा ठोका आहे त्याचा, मी दोनदा तेल घालूनही गेला नव्हता. दुकानात मुलगा होता. त्याने मला बघितलं आणि बाहेर आला.

"चाचा."

"मशीन?"

"हौ. एका ट्रकवाल्याची ताडपत्री आली. अब्बांनी मला विचारलंपण नाही, वर घेऊन गेले." तो हसला. "दो दिनसे नीचे नै उतरे. दोरा सुईत मी ओवून देतो, बाकी हात लावू देत नाहीत."

"टाका कसा पडतोय?"

"चाचा, क्या बोलूं. बाहेरची माणसं टाका बघायला मागतात."

मी त्याचा हात धरून उभा राहिलो. खूप बरं वाटलं, खरंच. मग विचारलं, "माझं नाव काढतात?"

त्याने खोटं सांगायचा विचार केला असावा, पण सांगितलं नाही. "नै चाचा. अभी तो नै."

"वर जाऊ का?"

तो जिन्याकडे बघत राहिला. वर मशीन थांबलं, कापड उलटल्याचा आवाज आला, आणि पुन्हा सुरू झालं.

"राहू दे," मी म्हणालो. "काम चालू आहे त्याचं." आणि बोळातून मागे फिरलो.